‘बॉक्स स्कोअर’ला ‘चौकट-गुण’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: एका अमेरिकन कथेचा अनुवाद चालू आहे. कथेतले वडील पेपर आला की आधी बेसबॉलचा ‘बॉक्स स्कोअर’ वाचतात. बॉक्स म्हणजे बॅटर उभा राहतो तो चौकोन असावा, तर ‘चौकट-गुण’ चालेल का? शिवाय त्यात आकड्यांच्या ओळीत शेवटी ‘एक्स’ आहे, ती छपाईची चूक का?

आधी बॉक्स. हा मैदानावरचा नाही, छापखान्यातला आहे. सामन्याचे आकडे पेपरात रेघा मारून चौकटीत छापत, त्यावरून ते नाव पडलं. आपल्याकडे उपसंपादक ‘या बातमीला एक चौकट दे’ म्हणतो ना, तीच ही चौकट. तिचं गुणांशी काही नातं नाही, त्यामुळे ‘चौकट-गुण’ बाद.

मी सरळ ‘धावफलक’ लिहीन. फलक म्हणजे मैदानावरची पाटी, कागदावरच्या तक्त्याला तो शब्द कसा, असा आक्षेप कोणीतरी घेईलच. पण तो फलक केव्हाच पाटीवरून उतरून पेपरात आला. ‘झे. अमुक गो. तमुक’ वाचत वाढलेल्या माणसाला धावफलक म्हटलं की छापील रकानेच दिसतात. ‘गुणपत्रिका’ लिहिलंत, तर वडील मुलाचे मार्क बघताहेत असं वाटेल.

आणि क्रिकेटचा शब्द उसना घेण्यात संकोच कसला? बॉक्स स्कोअरला आकार देणारा हेन्री चॅडविक इंग्लंडात एक्सेटरला १८२४ साली जन्मला, लहानपणी ब्रुकलिनला आला आणि तिथे क्रिकेटच्या बातम्या लिहीत असे. धावफलक वाचायची सवय त्याने बेसबॉलमध्ये नेली. स्ट्राइकआउटसाठी (पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, बॅटरला तीन ‘स्ट्राइक’वर बाद करणं) ‘के’ हे अक्षरही त्याचंच: ‘स्ट्रक’मधलं शेवटचं. आपण ‘झेल’चं ‘झे.’ करतो, पहिलं अक्षर धरून. या गृहस्थांनी शेपूट धरलं!

आता तुमचा ‘एक्स’. ८ ऑक्टोबर १९५६, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या मालिकेचा, पाचवा सामना. ब्रुकलिन: ००० ००० ००० आणि पुढे ०, ०, ०. यांकीज: ००० १०१ ००एक्स आणि पुढे २, ५, ०. पहिले नऊ आकडे डावागणिक धावा. नंतरचे तीन म्हणजे एकूण धावा, हिट (फटका मारून बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा टप्पा, गाठणं) आणि त्या संघाच्या क्षेत्ररक्षणातल्या चुका. दर डावात नंतर खेळणारे यजमान यांकीज पुढे असल्याने नवव्या डावात त्यांना फलंदाजी करावीच लागली नाही. तिथे शून्य लिहिणं खोटं ठरलं असतं, म्हणून ‘एक्स’. तो तसाच ठेवा. (ब्रुकलिनच्या २७ पाळ्यांमध्ये एकही बॅटर बेसवर पोचला नाही, यांकीजचा पिचर डॉन लार्सनचा तो प्रसिद्ध सामना.) या एका ओळीला इंग्रजीत ‘लाइन स्कोअर’ म्हणतात, आणि तिच्यासाठी आपला ‘संक्षिप्त धावफलक’ जणू शिवूनच ठेवलाय.

अनुवादात खरा घोळ होतो तो पिचरच्या रकान्यात. तिथे ‘५.२’ असेल तर ते सव्वापाच नव्हे. पाच डाव पूर्ण आणि सहाव्यात दोन बाद. तीन बाद झाले की डाव संपतो, म्हणजे हे पावणेसहाच्या जवळ जातं. आपण ४.३ षटकं वाचताना साडेचारच समजतो, पण ते सहा चेंडूंमुळे जमून येतं. इथे जमत नाही.

दुसरा घोळ ‘अर्न्ड रन’चा. ‘कमावलेली धाव’ असं करू नका. पिचरने काही मिळवलं असं वाटतं. उलट ती त्याच्या नावावर पडलेली धाव आहे. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे झालेली धाव पिचरच्या नावे धरत नाहीत, म्हणून हा वेगळा हिशेब. मला तर याचा हेवा वाटतो. आपल्या धावफलकात सुटलेल्या झेलाचा पत्ताच नसतो. जीवदान मिळालेला शतक ठोकतो, धावा बिचाऱ्या गोलंदाजाच्या नावावर, आणि झेल सोडणारा नामानिराळा. बेसबॉलमध्ये ती चूक रीतसर छापून येते. ‘पिचरच्या खात्यावरची धाव’ लांबलचक आहे खरं, पण दिशाभूल करत नाही.

तुमचं वाक्य असं करता येईल: ‘पेपर हातात आला की बाबा आधी बेसबॉलचा धावफलक वाचत.’ पहिल्यांदा ‘बेसबॉलचा’ हवंच, नाहीतर मराठी वाचक बाबांना थेट वानखेडेवर नेऊन बसवेल. पुढे नुसतं ‘धावफलक’ पुरे.