काउन्सिलकडे पैसे नाहीत, मग माझ्या मुलाचं काय?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही सात वर्षं झाली इंग्लंडमध्ये राहतोय. मुलगा सहा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलणं अगदीच कमी. शाळेतल्या सेन्को मॅडम (विशेष गरजांच्या मुलांचं बघणाऱ्या शिक्षिका) चांगल्या आहेत, त्यांनीच सुचवलं म्हणून मी ईएचसीपीसाठी, म्हणजे मुलाला कोणती जास्तीची मदत द्यायची हे लिहिलेल्या सरकारी प्लॅनसाठी, काउन्सिलला (इथल्या स्थानिक पालिकेला) मेल केला. तिकडून एका बाईंचा फोन आला, म्हणाल्या सध्या आमचं बजेट खूप तुटीत आहे आणि शाळेने आधी स्वतःचे ६,००० पौंड खर्च केल्याचं दाखवलं पाहिजे, मगच असेसमेंटचं, म्हणजे मुलाच्या गरजा तपासण्याचं बघू. नवरा म्हणतो जाऊ दे, आपण बाहेरून आलेली माणसं, कशाला भांडण. खरंच पैसे नसतील तर मागायचे तरी कसे?

उत्तर: ताई, आधी एक सांगते, फोनवरचं बोलणं म्हणजे निर्णय नव्हे. आजच मेल करा, की अमुक तारखेला फोनवर मला असं असं सांगितलं गेलं, माझा अर्ज अजून कायम आहे, काय तो निर्णय लेखी कळवा. तुमचा पहिला मेल पोचला त्या दिवसापासून सहा आठवड्यांत असेसमेंट करणार की नाही हे त्यांना सांगावंच लागतं.

२०१४ च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज अॅक्टमध्ये असेसमेंटसाठी दोनच गोष्टी बघायला सांगितल्यात, मुलाला विशेष गरजा आहेत किंवा असू शकतात का, आणि त्यासाठी प्लॅनची गरज पडू शकते का. काउन्सिलच्या खात्यात किती शिल्लक आहे हे त्यात कुठेच नाही. आणि प्लॅन एकदा झाला की त्यात लिहिलेली मदत देणं काउन्सिलवर कायद्याने बंधनकारक आहे, पैसे नाहीत म्हणून ती थांबवता येत नाही. तुमचा मुलगा त्यांच्या हद्दीत राहतो एवढं पुरेसं आहे, तुम्ही कुठून आलात हा प्रश्नच येत नाही, हे तुमच्या मिस्टरांना जरूर वाचून दाखवा.

आता ते ६,००० पौंड. ज्या मुलाला जास्तीची मदत लागते त्याच्यासाठी वर्षाला पहिले ६,००० पौंड शाळेने आपल्या बजेटमधून घालायचे अशी फंडिंगची पद्धत आहे, पण असेसमेंट मागायला ती अट नाही. आणि हे पैसे शाळेला प्रत्येक मुलामागे वेगळे मिळत नाहीत, सगळ्या बजेटमध्येच ते धरलेले असतात, त्यामुळे ज्या शाळेत अशी मुलं जास्त तिची खूप ओढाताण होते. तुमच्या सेन्को मॅडमवर म्हणूनच राग धरू नका, त्या तुमच्याच बाजूच्या आहेत.

तूट मात्र खरी आहे, काउन्सिल खोटं बोलत नाही. २०१४ च्या कायद्याने या मदतीसाठी वयाची मर्यादा २५ पर्यंत नेली. २०१५ मध्ये साधारण २ लाख ४० हजार मुलांकडे असे प्लॅन होते, जानेवारी २०२५ मध्ये ६ लाख ३८ हजारांच्या वर गेले. सरकारने पैसे वाढवले, पण खर्च त्याच्या पुढे धावला. त्यात सरकारी स्पेशल स्कूल भरलेल्या, म्हणून मुलांना खाजगी स्पेशल स्कूलमध्ये पाठवावं लागतं, आणि सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसच्या २०२४ च्या रिपोर्टप्रमाणे सरकारी स्पेशल स्कूलमध्ये एका मुलाला वर्षाला साधारण २४ हजार पौंड लागतात तर खाजगीत ६१ हजारांच्या वर. मला वाटतं खरी चूक इथे झाली, जागा वेळेवर वाढवल्या नाहीत आणि मग तीच मुलं महाग पडतात म्हणून ओरड सुरू झाली. ही तूट सध्या काउन्सिलच्या मुख्य हिशोबातून बाजूला ठेवायची परवानगी आहे, आधी २०२३ पर्यंत होती, मग २०२६, आता मार्च २०२८ पर्यंत. त्यामुळे आकडा नुसता फुगत जातोय आणि खालच्या ऑफिसरवर प्रेशर येतं की नवीन प्लॅन कमी करा. तुम्हाला आलेला फोन बहुतेक त्यातलाच.

नकार आला तर घाबरू नका. ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या कोर्टाकडे अपील करता येतं, फी नाही, वकील लागत नाही. पत्राच्या तारखेपासून दोन महिने असतात, आणि आधी मीडिएशनवाल्यांशी (तुमच्यात आणि काउन्सिलमध्ये समेट घडवणाऱ्यांशी) बोलून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. जी प्रकरणं निकालापर्यंत जातात त्यातली जवळजवळ सगळी पालकांच्या बाजूने लागतात. प्रत्येक भागात सेन्डियास नावाची फुकट सल्ला देणारी सेवा आहे, अशा पालकांना कायद्याचा सल्ला देणारी इप्सिया ही संस्थाही आहे, त्यांना फोन करा. वेळ लागेल हे मनात धरूनच चाला, अर्जापासून २० आठवड्यांत प्लॅन तयार करायचा नियम असून २०२४ मध्ये निम्म्याहून कमी प्लॅन वेळेत झाले.

प्रश्न: माझ्या दोन्ही मुली इथल्या साध्या शाळेत जातात. आता म्हणे सगळ्या शाळांच्या पैशातून अर्धा टक्का काढून स्पेशल नीड्सच्या खड्ड्यात घालणार. आमच्या मुलींनी काय घोडं मारलंय?

उत्तर: दादा, तुमची तळमळ कळते, पण खड्डा हा शब्द मला लागला. तुमच्या मुलींच्या वर्गातही अशी मुलं असणार आणि त्यांना मदत मिळाली नाही तर बाईंचा वेळ सगळ्यांचाच जातो. अर्धा टक्क्यापर्यंत पैसे वळवायला स्कूल्स फोरमची (त्या भागातल्या शाळांच्या प्रतिनिधींच्या मंडळाची) संमती लागते, त्याहून जास्त हवे तर थेट मंत्र्यांकडे जावं लागतं. फोरमची मीटिंग कोणीही जाऊन ऐकू शकतं, कागद आधी वेबसाइटवर टाकतात. ते उघडा आणि एकच बघा, हा पैसा नुसती जुनी तूट भरायला जातोय, की आपल्याच शाळांमध्ये थेरपिस्ट आणि छोटं रिसोर्स युनिट उभं करायला. दुसरं असेल तर मी म्हणेन पाठिंबा द्या, कारण मूल घराजवळच्या शाळेत टिकलं तर लांबच्या महाग जागेचा खर्च वाचतो. पहिलं असेल तर मीटिंगच्या आधी लेखी प्रश्न पाठवा, आणि वरच्या ताईंसारख्या एखाद्या आईलाही त्यावर सही करायला बोलवा.