छताचं कापड बदललं आणि फ्यूज उडायला लागला

प्रश्न: गाडीच्या छताचं कापड सुटून लोंबत होतं, डोक्याला लागायचं, म्हणून दोन दिवस सुट्टी होती त्यात मीच काम काढलं. पिलरच्या (दारा-काचांच्या बाजूच्या खांबांच्या) प्लॅस्टिक पट्ट्या, केबिन लाईट, हँडल, मागची सीट सगळं उतरवलं, नवं कापड चिकटवलं आणि परत बसवलं. दिसायला झकास झालंय, पण केबिन लाईट, सेंट्रल लॉक आणि रेडिओ तिन्ही बंद. १० अँपिअरचा फ्यूज उडालेला होता, तो बदलला तर सगळं चालू झालं, आणि मी उतरायला दार उघडलं तसा परत उडाला. असे चार फ्यूज गेले. एअरबॅगचा लाईट पण पेटलेलाच राहतो. गॅरेजवाल्याचा स्कॅनर (गाडीतले दोष वाचायचं यंत्र) चालूच झाला नाही, तो म्हणाला मॉड्यूल (लाईट, लॉक वगैरे चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलंय. मित्र म्हणतो २० चा फ्यूज टाक. काय करू?

उत्तर: मित्राला चहा पाजा पण त्याचं ऐकू नका. फ्यूज असतो तो वायर वाचवायला, १० च्या जागी २० टाकलात तर फ्यूजच्या आधी वायर तापेल आणि ती वायर जाते कुठून तर तुम्ही नुकतंच चिकटवलेल्या कापडाच्या वरून.

मॉड्यूल गेलंय हेही मला पटत नाही. स्कॅनर ज्या सॉकेटला लावतात त्याच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा कायमचा सप्लाय लागतो आणि तो बऱ्याच गाड्यांत केबिन लाईट, रेडिओवाल्या फ्यूजवरूनच घेतलेला असतो, मग फ्यूज उडालेला असताना स्कॅनर कसा चालू होणार?

तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य एकच, दार उघडलं तसा उडाला. प्लसची वायर कुठे पत्र्याला लागली असती तर फ्यूज घातल्या घातल्या गेला असता, दाराची वाट बघितली नसती. बऱ्याच गाड्यांत केबिन लाईटला प्लस कायम असतो आणि दाराचा स्विच फक्त अर्थिंग, म्हणजे पत्र्यातून बॅटरीचा मायनस, जोडतो, मध्ये बल्ब असतो म्हणून करंट थोडाच जातो. तुमच्याकडे बहुतेक बल्बला वगळून प्लस सरळ त्या स्विचच्या वायरला भिडलाय, त्यामुळे दार उघडलं की थेट शॉर्ट.

हे दोन ठिकाणी होऊ शकतं. एक म्हणजे लाईटच्या आतच, बल्ब धरणाऱ्या पितळी पट्ट्या बसवताना वाकून एकमेकींना लागतात (माझ्या हातून हे झालंय आणि मी अख्खा डॅशबोर्ड खोलायला निघालो होतो). दुसरं म्हणजे पिलरच्या पट्टीचा स्क्रू नाहीतर क्लिप वायरींच्या जुडग्यात घुसून दोन वायरी एकत्र झाल्या. आधी केबिन लाईटचा प्लग काढा, नवा फ्यूज घाला आणि दार उघडा. टिकला तर दोष लाईटमध्येच, पट्ट्या सरळ करा. तरीही उडाला तर पिलर बघा.

पिलरमध्ये दोष शोधताना फ्यूजवर फ्यूज जाळू नका. १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडून फ्यूजच्या जागी लावा, रेडिओचा प्लग काढून ठेवा आणि दार उघडं ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही. मग एकेक पट्टी सैल करत वायरी हलवा, ज्या ठिकाणी बल्ब मंद झाला किंवा विझला तिथेच चोर. सोललेली वायर दिसली की नुसती टेप गुंडाळून सोडू नका, ती पट्टीखाली दबणार नाही अशी दुसरीकडून फिरवा. नव्या गाड्यांत हे लाईट मॉड्यूल चालवतं, तिथे शॉर्ट झाला तर बऱ्याचदा फ्यूज उडायच्या आधी मॉड्यूलच सप्लाय तोडतं, म्हणून तुमची गाडी जुन्या पद्धतीची असावी असं मी धरून चाललोय.

एअरबॅगचं प्रकरण वेगळं. सीट किंवा पिलरची पट्टी काढताना एअरबॅगच्या वायरीचा एखादा पिवळा प्लग सुटलाय आणि तसाच इग्निशन ऑन केलाय, हेच बहुतेक. इग्निशन बंद, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, गाडीच्या पुस्तकात जेवढा वेळ थांबायला सांगितलंय तेवढं थांबा आणि मगच त्या प्लगला हात लावा. त्याला मल्टीमीटर किंवा टेस्ट लॅम्प अजिबात लावायचा नाही, एअरबॅग फुटू शकते. प्लग नीट बसला तरी लाईट आपोआप जाईलच असं नाही, आत कोड साठलेला असतो, तो स्कॅनरने पुसावा लागतो. फ्यूज टिकायला लागला की गॅरेजवाल्याकडे परत जा, स्कॅनर चालेल.

बॅटरी जोडल्यावर ऑटो काच एका झटक्यात वर जात नसेल तर घाबरू नका, काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-चार सेकंद तसंच धरून ठेवलं की बऱ्याच गाड्यांत ती परत शिकते. रेडिओ कोड मागत असेल तर तो पुस्तकाच्या पिशवीतल्या कार्डावर बघा, चार फ्यूज गेलेत म्हणजे तो आतापर्यंत चार वेळा सगळं विसरलेला असणार.