पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या लेवाडा वाटांवर साठीतल्या आई-बाबांना, ज्यांनी कधी ट्रेक केला नाही, घेऊन जाता येईल का?

हो, आरामात, फक्त वाट नीट निवडा. लेवाडा म्हणजे आपल्याकडचा पाटच, पंधराव्या शतकापासून बेटाच्या ओल्या उत्तरेकडचं पाणी कोरड्या दक्षिणेकडे आणायला डोंगराच्या कडेने खोदलेला, आणि पाणी हळूहळू वाहायला पाहिजे म्हणून उतार अगदी कमी ठेवलेला, त्यामुळे शेजारची पाटकऱ्याची पायवाटही जवळजवळ सपाटच असते, दम लागत नाही. पहिल्या दिवशी रिबेरू फ्रिऊ गावाहून बाल्कोइंशची वाट करा, जाऊन-येऊन ३ किमी, शेवटी दरीवरचा कट्टा, तिथे छोटे पक्षी अगदी जवळ येतात (खायला घालू नका प्लीज). जमलं तर मग काल्देइराँव व्हेर्देची वाट, जाऊन-येऊन साधारण १३ किमी, पण त्यात बोगदे आहेत, आत मिट्ट काळोख, खाली चिखल आणि छत इतकं बुटकं की डोकं आपटतंच, टॉर्च मस्ट.

एकच गोष्ट, सपाट म्हणजे सेफ असं नाही. काही ठिकाणी पायाखाली जेमतेम दोन फुटांचा काठ, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सरळ दरी आणि मध्ये नुसती तार, कोणाला उंचीची भीती असेल तर बाल्कोइंशवरच थांबा. पाऊस, दरडी किंवा वणव्यानंतर वाटा बंदही करतात, आदल्या दिवशी चेक करा.