वाचक विचारतात: 'लेडी बी गुड'चं नक्की काय झालं?

प्रश्न (एक वाचक, सांगली): लिबियाच्या वाळवंटात दुसऱ्या महायुद्धातलं एक अमेरिकन बॉम्बर सापडलं, आत पाणी होतं, रेडिओ पण चालू होता, आणि माणसं मात्र तहानेने मेली असं ऐकलं. हे खरं आहे का? आणि तळ सोडून ते इतकं पुढे गेलंच कसं?

उत्तर: खरं आहे. ते बी-२४ लिबरेटर होतं, नाव 'लेडी बी गुड'. ४ एप्रिल १९४३ ला लिबियातल्या सोलुक तळावरून नेपल्सवर हल्ला करायला निघालं, नऊ जण होते आणि या क्रूची एकत्र ही पहिलीच मोहीम. परत येताना रात्र, एकटंच विमान, मागून वारा. पायलट हॅटन यांनी बेनिना या लिबियाच्या किनाऱ्याजवळच्या तळाच्या रेडिओ स्टेशनला दिशा विचारली. आता त्या काळचा लूप अँटेना विमान कुठल्या रेषेवर आहे ते सांगायचा, पण रेषेच्या कुठल्या टोकाला आहे ते सांगायचा नाही, म्हणजे समुद्राकडून येतंय की डोक्यावरून पुढे निघून गेलंय हे ऑपरेटरनेच ठरवायचं. त्याने समुद्राकडून धरलं, विमान मात्र किनारा ओलांडून गेलेलं होतं. अंधारात खाली वाळू की पाणी हे वरून कोण सांगणार, त्यामुळे 'त्यांना एवढंही कळलं नाही का' असं कुणी म्हटलं की मला खरंच राग येतो.

पेट्रोल संपत आल्यावर रात्री दोनच्या सुमारास सगळ्यांनी पॅराशूटने उड्या मारल्या. क्रूपैकी वोराव्का यांचं पॅराशूट नीट उघडलं नाही, बाकी आठ जण एकमेकांना सापडले. रिकामं विमान स्वतःच २६ किमी दक्षिणेला जाऊन पोटावर उतरलं, बरंचसं शाबूत, पाणी आणि रेडिओ त्यातच. पण समुद्र उत्तरेला, जवळच असणार असं समजून हे उत्तरेला चालायला लागले. समुद्र शेकडो किलोमीटर लांब होता.

को-पायलट टोनर यांची डायरी नंतर मिळाली. आठ जणांत अर्धी वॉटर बॉटल पाणी, दिवसाला एक झाकणभर. मागून कुणी शोधत येईल म्हणून पॅराशूटच्या तुकड्यांचे बाण करून ठेवत ते जात होते, हे वाचताना मला पुढे वाचवत नाही. सुमारे १३० किमी चालल्यावर पाच जण थांबले, तिघे मदत आणायला पुढे गेले. डायरीतली शेवटची नोंद १२ एप्रिलची, अजून मदत नाही आणि रात्र फार थंड, एवढीच.

तेल शोधणाऱ्यांना १९५८ मध्ये विमान वरून दिसलं, १९६० मध्ये आठ जणांचे अवशेष मिळाले. गनर मूर आजतागायत सापडलेले नाहीत.

प्रश्न (एक वाचक, नागपूर): भारतात असं काही सापडलंय का?

उत्तर: हो, अरुणाचलात. 'हॉट ॲज हेल' नावाचं बी-२४ चीनमधल्या कुनमिंगहून आसामच्या चाबुआला येताना २५ जानेवारी १९४४ ला खराब हवेत बेपत्ता झालं, आठ जण होते. अवशेष २००६ मध्ये दामरोह गावाच्या वरच्या डोंगरात सापडले. अमेरिकन टीमने २०१५ मध्ये तिथे खोदकाम केलं आणि त्यातून त्या आठ जणांपैकी रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख २०१७ मध्ये पटली, त्यांचे अंत्यसंस्कार अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात त्यांच्या गावी झाले.