देवळाचं तोंड पूर्वेला, मग आपण किती वाजता पोचायचं?

वाचकांचे प्रश्न : सहलीतले फोटो

या वेळी बहुतेक पत्रं दिवाळीच्या सुट्टीत बदामी-हंपीकडे निघालेल्या कुटुंबांची आहेत. 'कोणता मोबाइल घ्यावा?' हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला आहे. गेल्या चार-पाच वर्षांतला कुठलाही बरा मोबाइल या कामाला पुरतो. फोटो बिघडतात ते वेळ चुकल्यामुळे.

प्रश्न : आम्ही आठ जण आहोत, त्यात सत्तरीपुढचे दोघे आणि दोन लहान मुलं. चार दिवसांत बदामी, पट्टदकल, ऐहोळे आणि हंपी करायचं आहे. मागच्या सहलीत सगळीकडे भर दुपारी पोचलो. दगड पांढराफटक आणि चेहरे काळे आले. क्रम कसा लावावा? (नाशिक)

उत्तर : नकाशावरच्या अंतरांवरून क्रम लावू नका, वास्तूचं तोंड कुठे आहे ते पाहून लावा. पट्टदकलची मोठी देवळं, म्हणजे विरूपाक्ष, मल्लिकार्जुन आणि संगमेश्वर, पूर्वाभिमुख आहेत. त्यांच्या दर्शनी भागावर ऊन असतं ते सकाळीच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडे साडेसहाच्या आत सूर्य उगवतो आणि सहाला पाच-दहा मिनिटं कमी असताना मावळतो. सात ते नऊ या दोन तासांत तिरपं ऊन कोरीवकामाच्या कडांवरून घसरत जातं आणि प्रत्येक मूर्तीला सावलीची बारीक रेघ मिळते. अकरानंतर तोच दगड सपाट दिसतो.

ऐहोळ्याचं दुर्ग मंदिर (नाव दुर्गादेवीवरून नव्हे, दुर्गावरून पडलेलं) हेही पूर्वाभिमुखच आहे. पण फोटो काढण्याजोगी त्याची पाठ आहे. हत्तीच्या पाठीसारखा तो गोलावा पश्चिमेला येतो, म्हणून ऐहोळे दुपारी अडीचनंतर. पट्टदकलहून ते चौदा-पंधरा किलोमीटरवर आहे, मधल्या वेळात जेवण आणि आजी-आजोबांची विश्रांती होते.

बदामीची लेणी दक्षिणेकडच्या डोंगरात, उत्तरेला तोंड करून आहेत. दिवाळीच्या दिवसांत तिथे थेट ऊन येतच नाही, पसरट उजेड असतो. त्यामुळे लेण्यांना घाईची वेळ नाही, दहा-अकराला गेलात तरी चालेल. मात्र समोरून काढलेली मूर्ती तिथे चपटी येते. थोडं बाजूला सरका, म्हणजे बाहेरचा उजेड मूर्तीच्या एकाच गालावर येईल. इसवी सन 578 चा शिलालेख असलेलं तिसरं लेणं सर्वांत मोठं आहे, पण पायऱ्या उंच आहेत. वडीलधाऱ्यांना पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज पाहून थांबता येईल. खाण्याची पिशवी हातात ठेवू नका. माकडं आधी पिशवी ओढतात, आणि त्या झटापटीत मोबाइल पडतो.

तलावाच्या पूर्व टोकाचं भूतनाथ मंदिर संध्याकाळचं. सूर्य या दिवसांत पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला मावळतो आणि दक्षिणेच्या डोंगराची सावली लवकर पुढे येते, म्हणून सूर्यास्ताच्या दीड तास आधी पोचा. तळ्याकाठची वाट सपाट आहे.

पहिल्या दिवशी बदामीत पोचून भूतनाथ, दुसऱ्या दिवशी पट्टदकल आणि ऐहोळे, तिसऱ्या दिवशी सकाळी लेणी आणि मग हंपीचा सुमारे 140 किलोमीटरचा रस्ता, असं बसवा. चौथा दिवस पूर्ण हंपीला. विठ्ठल मंदिरात तिकीटघर उघडताच जा. गाड्यांच्या तळापासून मंदिरापर्यंत बॅटरीवरची वाहनं असतात, पण रांग वाढली की सकाळचं ऊन रांगेतच संपतं. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ तो इथलाच. नोट समोर धरून फोटो मुलं काढणारच, तो एक काढू द्या आणि पुढे चला. संध्याकाळी हेमकूट टेकडी. मातंग टेकडीची चढण आजोबांना झेपायची नाही, हेमकूटचा उतार झेपेल.

प्रश्न : मंदिराचा कळस घ्यायला गेलं की माणसं मुंगीएवढी होतात. माणसं नीट घेतली की कळस कापला जातो. (सोलापूर)

उत्तर : माणसांना देवळाच्या पायथ्याशी उभं करून आपण मागे मागे जातो, ही सगळ्यांची सवय आहे. उलट करा. देवळापासून आधी तुम्ही लांब जा आणि माणसांना तुमच्याजवळ बोलवा.

हंपीच्या विरूपाक्ष मंदिराचं पूर्वेचं गोपूर घेऊ. उंची सुमारे 50 मीटर. मोबाइलची मुख्य लेन्स, उभा धरल्यावर, वर-खाली मिळून साधारण 74 अंश पाहते. मोबाइल न झुकवता सरळ धरला तर निम्मे, म्हणजे 37 अंश, डोळ्यांच्या रेषेच्या वर येतात. तेवढ्यात 50 मीटर बसवायला गोपुरापासून 65 मीटर तरी दूर हवं. समोरच्या बाजाराच्या लांबलचक रस्त्यावर हे अंतर सहज मिळतं, मोठ्या पावलांनी नव्वदेक पावलं. आता खालची अर्धी चौकट नुसती जमीन दाखवते, तीच कुटुंबाची जागा. आठ जण दाटीने उभे राहिले तर साडेतीन मीटर रुंदी लागते, म्हणून त्यांना तुमच्यापासून चार मीटरवर उभं करा. चेहरे चौकटीच्या मध्यावर येतात आणि गोपूर त्यांच्या मागून सरळ वर जातं. मोबाइल वर झुकवला की गोपूर मागे कलंडल्यासारखं दिसतं, ते यात टळतं.

दोन अडचणी येतील. सकाळी सव्वासातला सूर्य इतका खाली असतो की फोटो काढणाऱ्याची सावली आठ-नऊ मीटर लांब पडते आणि ती नेमकी कुणाच्या तरी अंगावर येते. अर्धं पाऊल बाजूला व्हा. दुसरं, समोरच्या उन्हाने सगळे डोळे किलकिले करतात. सर्वांना डोळे मिटायला सांगा, 'तीन' म्हटल्यावर उघडायचे, आणि त्याच क्षणी तीन-चार फोटो लागोपाठ घ्या.

भर दुपारी गटाचा फोटो घ्यावाच लागला, तर सावलीच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून उभं राहा. समोर हिरवळीपेक्षा फरसबंदी असलेली बरी, कारण उन्हातल्या हिरवळीचा हिरवट रंग हनुवटीखाली उमटतो आणि तो नंतर काढणं किचकट असतं.

प्रश्न : विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली पडते, तिचा फोटो नुसता राखाडी डाग येतो. (पुणे)

उत्तर : सावली हा शब्द रूढ असला तरी ते चित्र आहे. गाभाऱ्यामागच्या अंधाऱ्या जागेत एक लहान छिद्र आहे. गोपुराच्या शेंड्यावरून निघालेला उजेड सरळ रेषेत त्यातून जाऊन भिंतीवर खाली पडतो आणि पायथ्याकडचा वर. म्हणून शेंडा खाली. छिद्राला दिसते ती गोपुराची आतली, पश्चिमेची बाजू. तिच्यावर ऊन दुपारनंतर येतं, म्हणून चित्रही तेव्हाच जास्त उजळ असायला हवं. ढगाळ दिवशी फार आशा ठेवू नका.

फोटो घ्यायची परवानगी आधी तिथल्या माणसांना विचारा. मग फ्लॅश बंद करा, कारण फ्लॅशने चित्र धुऊन जातं. अंधारात मोबाइलला फोकस सापडत नाही, म्हणून चित्राच्या कडेवर, जिथे उजेड आणि काळोख भेटतात तिथे, बोट दाबून धरा, म्हणजे फोकस तिथेच कुलूपबंद होतो. पडद्यावर उमटणारी सूर्याची खूण, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची, थोडी खाली ओढा. ती न ओढल्यास मोबाइल अख्खी भिंत उजळवतो, आणि तुमचा राखाडी डाग येतो तो त्यामुळेच. मोबाइल खांबाला घट्ट टेकवून नाइट मोडमध्ये तीन सेकंद द्या. तेवढ्या वेळात छिद्रासमोरून कुणी जाऊ नये.

घरी आल्यावर मुलांना सरळ चित्र दाखवायचं असेल, तर फोटो गोल फिरवू नका, वर-खाली उलटवा. गोल फिरवला की डावं-उजवं बदलतं. गोपूर दोन्ही बाजूंनी सारखं असल्याने ते लक्षात येत नाही एवढंच.

प्रश्न : बदामीजवळ गुळेदगुड्डला खण विणणाऱ्यांचे फोटो घ्यायचे आहेत. कुणाच्या घरात शिरून कॅमेरा काढणं बरं दिसेल का? आणि घरातल्या फोटोंत आडवे काळे पट्टे का येतात? (कोल्हापूर)

उत्तर : आपल्याकडे चोळीला आणि ओटीला जो खण जातो त्याचं हे जुनं गाव, तेव्हा बोलायला विषय आयता आहे. कॅमेरा पिशवीतच ठेवून आत जा, माग पाहा, जमल्यास एखादा खण घ्या, मग विचारा. कानडीत 'फोटो तेगीबहुदा?' एवढं पुरतं, वयस्कर बाईला 'अव्वा' म्हणा. मान हलली नाही तर विषय सोडा. पैसे देऊन हसायला लावलेले फोटो ओळखू येतात. पत्ता लिहून घेऊन 4 बाय 6 ची एक प्रत टपालाने पाठवा. हे आश्वासन देऊन विसरणारे इतके असतात की देणार नसाल तर बोलूच नका.

खड्डामागावर विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांवर. उभ्याने फोटो घेतला तर नुसती टाळू दिसते. मांडी घालून बसा, लेन्स त्याच्या छातीच्या उंचीवर आणा, आणि दाराचा उजेड बाजूने येईल असं पाहा.

पट्टे येतात ट्यूबलाइट किंवा स्वस्तातल्या एलईडीमुळे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. शटर त्याहून वेगवान असेल तर चौकटीचा काही भाग उजळ क्षणी नोंदला जातो, काही मंद क्षणी. प्रो मोडमध्ये शटर 1/100 किंवा 1/50 ठेवा, पट्टे जातात. 1/50 ला पळता धोटा (आडवा धागा नेणारा) पुसट होतो आणि हात बऱ्यापैकी स्थिर राहतात, चित्र म्हणून तेच चांगलं. धोटाही स्पष्ट हवा असेल तर दिवा बंद करायची विनंती करून दाराजवळच्या मागावर 1/500 वापरा, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) 1600 पर्यंत गेला तरी घाबरू नका.

अशा मंद उजेडात मोबाइलवर 3x दाबूही नका. पुष्कळ मोबाइल अंधारात झूमची लेन्स गुपचूप सोडून देतात आणि मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करतात. खात्री करायची तर झूमच्या लेन्सवर बोट ठेवा. पडद्यावर चित्र तसंच राहिलं, तर तुमची फसवणूक चालू आहे.

प्रश्न : साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर एका चौकटीत कशी बसवावी? (कराड)

उत्तर : अख्खी बसत नाही. व्यास 50 फूट आणि खोली 110 फूट सांगतात. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य 49 अंशांवरच असतो, म्हणजे ऊन समोरच्या भिंतीवर साठेक फूट उतरतं आणि तिथेच थांबतं. खाली काळोख, वर चकाकता दगड. दोन्ही एकत्र घ्यायचा हट्ट सोडून आभाळ पूर्ण कापा आणि सावलीतल्या भागाला धरून फोटो घ्या. किंवा ढगाळ दिवशी जा, अष्टकोनी आकार तेव्हाच नीट वाचता येतो. 0.5x वर कडेची माणसं रुंद आणि तिरकी होतात, म्हणून माणसं मधल्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवा, कडांना दगड असू द्या. चौकट बसवायला एक पाऊलही मागे टाकू नका. मुलांचा हात दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हातात हवा.

प्रश्न : ट्रायपॉड, ड्रोन, फ्लॅश चालतं का? (ठाणे)

उत्तर : पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, ड्रोनला तर लागतेच. दोन्ही घरी ठेवा. भित्तिचित्रांवर फ्लॅश कधीच नको, मग पहारेकरी समोर असो वा नसो.

प्रश्न : सहलीनंतर चार मोबाइलवरचे फोटो व्हॉट्सॲपवर गोळा केले आणि अल्बम छापायला दिला. फोटो धुरकट आले, क्रम बिघडला आणि दोघांची डोकी कापली गेली. (बेळगाव)

उत्तर : तिन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला 1600 पिक्सेलच्या आसपास आक्रसतो. 4 बाय 6 च्या चांगल्या प्रतीला 1800 बाय 1200 लागतात, 8 बाय 12 ला 3600 बाय 2400. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

क्रम बिघडला कारण साध्या पाठवण्यात फोटो काढल्याची तारीख-वेळ गळून पडते आणि फाइलला पोचल्याची वेळ चिकटते. डॉक्युमेंटने हेही सुटतं. सोबत वेगळा कॅमेरा असेल तर निघताना त्याने एका मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढा. घरी तो फोटो पाहून कॅमेरा किती मिनिटं मागे-पुढे आहे ते कळतं आणि संगणकावर सगळ्या फोटोंची वेळ एकदम सरकवता येते.

डोकी कापली ती प्रमाणामुळे. मोबाइलचा फोटो 4:3, छापील कागद 3:2. 4000 बाय 3000 चा आडवा फोटो 4 बाय 6 वर बसवताना उंचीतले 333 पिक्सेल, म्हणजे नववा हिस्सा, उडतो. गटाच्या फोटोत डोक्यांवर आणि पायांखाली वीतभर मोकळी जागा ठेवा. अल्बम छापायला देताना 'आपोआप भरा' हा पर्याय बंद करून प्रत्येक फोटो स्वतः बसवा. चाळीस फोटोंना अर्धा तास लागतो.