दीड वर्षाच्या मुलीला शिकवण्यासाठी वेगळा वेळ कसा काढावा?

तुम्ही लिहिले आहे की, दोघांचीही नोकरी असल्यामुळे संध्याकाळचा वेळ आंघोळ, जेवण आणि झोपवणे यांतच संपतो व मुलीला काही शिकवायचे राहून जाते. मी पाळणाघर चालवते आणि हीच खंत अनेक पालकांकडून ऐकते. माझे मत असे की, वेगळा वेळ काढू नका; जी कामे तुम्ही तिच्यासाठी उरकता, ती तिला सोबत घेऊन करा.

हा विचार जुना आहे. हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. एमी पिकलर यांनी 1946 साली सुरू केलेल्या बालगृहात आंघोळ, कपडे बदलणे आणि भरवणे हाच सेविका व बाळ यांच्यातला सर्वांत मोलाचा वेळ मानला जाई. सेविका काय करणार हे बाळाला आधी सांगे, त्याच्या प्रतिसादाची वाट पाही आणि मगच पुढचे काम करी. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी या गावात लहान मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे ही कामे त्यांनी बालशिक्षणातच धरली.

आंघोळीचेच पाहा. ‘आता पाय दे’ असे म्हणून क्षणभर थांबलात, तर या वयाचे मूल बहुधा स्वतःच पाय पुढे करते. टाचेला हात लागतो त्याच क्षणी ‘टाच’ हा शब्द कानावर पडतो, म्हणून तो पक्का बसतो. चित्रांच्या पुस्तकातून तो इतक्या सहज बसत नाही. तांब्या तिच्या हाती द्या. भरलेला जड, रिकामा हलका, ओतलेले पाणी खालीच जाते, हे तिला हातांनी कळू द्या. तेल, पाणी, पंचा, कपडे हा क्रम रोज तोच ठेवला की पुढे काय येणार हे तिला आधीच उमगते, आणि ‘आधी’ व ‘नंतर’ यांची समज तिथूनच सुरू होते. अंगरख्याच्या बाहीत हात घालायला तिला वेळ लागेल, तो लागू द्या. मात्र भरलेल्या बादलीजवळ तिला क्षणभरही एकटे सोडू नका. थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकते.

जेवताना मोबाइल दाखवून भरवत असाल, तर ते बंद करा, असे मी आग्रहाने सांगेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार या वयात पडद्यासमोर बसवणे योग्य नाही. शिवाय पडद्याकडे पाहणाऱ्या मुलीला पोट भरल्याची जाणीवही नीट होत नाही. वरणभात सांडला तरी चमचा तिच्याच हातात असू द्या, आणि तिने तोंड फिरवले की आणखी एका घासासाठी मागे लागू नका.

झोपताना दिवसभरातल्या एकदोन गोष्टी तिला सांगितल्या, तरी पुरे.

सगळेच रोज जमणार नाही, आणि तसा ताणही घेऊ नका. घाईच्या दिवशी बाकीची कामे भराभर उरका, पण एक काम, शक्यतो आंघोळ, सावकाश करा, आणि दिवसभर तिला सांभाळणाऱ्या व्यक्तीलाही तोच क्रम आणि तेच शब्द सांगून ठेवा.