मेकॅनिकल डिप्लोमावाल्याला डायरेक्ट सेकंड इयरला कॉम्प्युटर मिळतं का?

निकालाचे दिवस जवळ आले की पत्रांचा सूर बदलतो, या वेळी तर जवळपास सगळेच एका कॉलेजातून दुसरीकडे कसं जायचं हेच विचारतायत. त्यातली तीन घेतो.

प्रश्न: सर, मी मूळचा कुडाळचा, रत्नागिरीच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. 88 टक्क्यांच्या आसपास पडतात. पण मला डिग्री कॉम्प्युटरमध्येच करायचीय, ती पण पुण्याच्या सीओईपी नाहीतर मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजला. मित्र म्हणतात मेकवाल्याला कॉम्प्युटर देतच नाहीत. बाबांचं वेगळंच, 'लोणेऱ्याक जा, पुण्याक कित्याक जातस?' सीईटी पण द्यावी लागेल का?

उत्तर: सीईटी नाही रे बाबा, डायरेक्ट सेकंड इयरचं, म्हणजे डीएसईचं मेरिट डिप्लोमाच्या टक्क्यांवर लागतं, फॉर्म मात्र सीईटी सेलच्याच कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून भरायचा, म्हणून पोरांचा घोळ होतो. मित्रांचं ऐकू नकोस, कुठल्याही ब्रँचचा डिप्लोमावाला कुठल्याही ब्रँचला अर्ज करू शकतो, ओपनला किमान 45 आणि रिझर्व्हेशनमध्ये 40 टक्के लागतात. झालं, नियमांचं एवढंच.

खरी गोची जागांची आहे. लॅटरल एंट्रीला, म्हणजे याच डायरेक्ट सेकंड इयरला, मंजूर जागांच्या 10 टक्के जागा जादा मिळतात, म्हणजे 60 च्या वर्गाला सहा, आणि फर्स्ट इयरला ज्या रिकाम्या राहिल्या त्या वर. आता सीओईपी किंवा व्हीजेटीआयच्या कॉम्प्युटरला फर्स्ट इयरची जागा रिकामी राहते होय? म्हणजे उरल्या मूठभर, त्यात पुन्हा रिझर्व्हेशन, मुलींच्या जागा, आणि समोर सगळ्या महाराष्ट्रातले टॉपर. तिथला कटऑफ नव्वदीच्या बराच वर जाऊन थांबतो, 88 ला तिथली कॉम्प्युटर येणार नाही हे मी तुला आत्ताच सांगून टाकतो, उगाच जुलैभर आशेवर राहू नकोस. याउलट ज्या कॉलेजांत फर्स्ट इयर पूर्ण भरत नाही तिथे डीएसईला जागाच जागा असतात. आणि कटऑफ बघताना डीएसईचीच लिस्ट उघड, गेल्या वर्षी एकाने फर्स्ट इयरचे सीईटी पर्सेंटाइल बघून स्वतःच्या टक्क्यांशी लावले आणि अख्खं घर पेढे वाटायला निघालं होतं.

ऑप्शन फॉर्म भरताना 'मिळेल ते वर' असं करायचं नाही, 'हवं ते वर' असं करायचं. वर सीओईपी टाकलीस आणि नाही मिळाली तर खालच्या ऑप्शनचं काही बिघडत नाही, सिस्टीम खाली उतरत जाते. उलटं मात्र महागात पडतं, पहिल्याच नंबरला भीतीपोटी सोपं कॉलेज टाकलं आणि ते लागलं की सीट तिथेच पक्की, पुढच्या राउंडला जाता येत नाही.

आता ज्याबद्दल कोणी विचारतच नाही ते. डिप्लोमाला मॅथ्स कधी होतं? पहिल्या सेमला बेसिक मॅथ्स, दुसऱ्याला अप्लाइड, की संपलं. नंतरची दोन वर्षं तू वर्कशॉप, ड्रॉइंग, मायक्रोप्रोजेक्ट यातच, आणि डिग्रीत पाऊल ठेवलंस की समोर एम-थ्री, म्हणजे थर्ड सेमचं मॅथ्स. लाप्लास, फुरिए वगैरे. आता इन्व्हर्स लाप्लासचं गणित घे, निम्मं गणित म्हणजे पार्शल फ्रॅक्शन पाडणं, तेच जे तू पहिल्या सेमला चार मार्कांसाठी घोकून विसरलास. बारावीवाला पोरगा फर्स्ट इयरचं मॅथ्स करून ताजा आलेला असतो, तुझ्यात आणि त्याच्यात हुशारीचा फरक नाही, दोन वर्षांच्या गंजाचा आहे. त्यात तू मेकचा, कॉम्प्युटरला थर्ड सेमलाच डेटा स्ट्रक्चर्स येतं आणि पॉइंटर म्हणजे काय हे तिथे कोणी थांबून सांगत नाही. ब्रिज कोर्स असतात, पण त्यांच्या भरवशावर बसू नकोस. शेवटचा पेपर झाला की वर्ग सुरू होईपर्यंत मधे बरेच आठवडे मोकळे मिळतात, ते सी लँग्वेज आणि इंटिग्रेशनला दे. परत तुझा सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमच्या ग्रेडची सरासरी, थर्ड सेमपासूनच मोजला जाणार, फर्स्ट इयरचे सोपे मार्क पाठीशी नसतात.

लोणेऱ्याचं म्हणशील तर बाबा चुकीचं बोलत नाहीत. बाबासाहेब आंबेडकर टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचा स्वतःचा कँपस आहे, आणि माझं मत विचारशील तर पुण्यात मोठ्या नावाखाली नको ती ब्रँच घेऊन कुढत बसण्यापेक्षा लोणेऱ्यात किंवा रत्नागिरीतच हवी ती ब्रँच मिळत असेल तर ती घ्यावी. नॉन-क्रीमी लेयर सर्टिफिकेट लागू असेल तर ते आत्ता काढ, जुलैत सेतूत पाय ठेवायला जागा नसते, आणि जात पडताळणी अडकली असेल तर उद्याच जाऊन बस.

प्रश्न: आम्ही चिपळूणचे. मुलगी बारावी सायन्स झाली. माझी नणंद कॅलिफोर्नियात असते, ती म्हणते दोन वर्षं तिथल्या कम्युनिटी कॉलेजला घाला, स्वस्तात होतं, मग बर्कलेला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला ट्रान्सफर. इतकं सोपं असतं का हो?

उत्तर: ताई, रस्ता खरा आहे, सोपा नाही. कॅलिफोर्नियात 116 कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि तिथून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या थर्ड इयरला जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. पण नणंदबाईंनी ज्या गॅरंटीबद्दल ऐकलं असेल ती टॅग नावाची स्कीम सहाच कँपसना आहे, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कले, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. बरं, या सहांतही इंजिनीअरिंगला सगळीकडे चालतेच असं नाही, सांता बार्बराचं इंजिनीअरिंग कॉलेज टॅग घेत नाही.

दुसरं म्हणजे फी. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलीला आत्याच्या घरी राहूनही तिथली रहिवासी धरत नाहीत, बाहेरच्यांची फी लागते, कम्युनिटी कॉलेजातही आणि पुढे युनिव्हर्सिटीतही. स्वस्त म्हणजे थेट युनिव्हर्सिटीच्या मानाने स्वस्त, चिपळूणच्या मानाने नव्हे. ट्रान्सफरसाठी किमान जीपीए कॅलिफोर्नियाच्या मुलांना 2.4 आणि बाहेरच्यांना 2.8 असतो, पण तो नुसता उंबरठा, कॉम्प्युटरला आत घेतात ते त्याच्या खूप वरचे.

आणि बहुतेकांची गाडी अडते ती विषयांच्या साखळीत. कॅल्क्युलसचे भाग एकामागून एक, मग मल्टिव्हेरिएबल, लिनिअर अल्जिब्रा, डिफरेन्शियल इक्वेशन्स, शिवाय कॅल्क्युलसवालं फिजिक्स, प्रोग्रामिंग. एक सुटलं की पुढचं घेताच येत नाही, वरून युनिव्हर्सिटीचा अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच भरायचा असतो, म्हणजे कॉलेज सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं असताना. काही मुलं पहिल्या वर्षी इतिहास, इंग्रजी असले जनरल विषय उरकून घेतात, इंजिनीअरिंगला त्याचा फारसा उपयोग नाही, आधी मेजरचे, म्हणजे मुख्य शाखेचे विषय. कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या कँपसला चालतो ते असिस्ट डॉट ऑर्ग या सरकारी साइटवर फुकट दिसतं, ते नणंदबाईंच्या सोबत व्हिडिओ कॉलवर बसून मुलीनेच बघावं, तुम्ही दोघींनी नको. तिला ते बघायला कंटाळा आला तर तेही कळेलच.

प्रश्न: मुलगा देवगडला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला इंजिनीअरिंगला सेकंड इयरला घेतात का?

उत्तर: घेतात, बारावीला मॅथ्स असेल आणि बीएस्सीला 45 टक्के असतील तर, रिझर्व्हेशनमध्ये 40. पण डिप्लोमावाल्यांच्या जागा भरून उरल्या तर त्यांना, शिवाय फर्स्ट इयरचे इंजिनीअरिंग ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स हे दोन विषय सेकंड इयरबरोबर काढावे लागतात. बारावीला मॅथ्स सोडून बायो घेतलं असेल तर हा रस्ता बंद, एमसीए वगैरेचे नियम बघा, त्यावर पुढच्या अंकात लिहितो.